इवायाचं बांधकाम

सोनाळ्याच्या तुळशीराम मेस्तरीला बांधकामावर चहा विचारायची चूक कोणी दुसऱ्यांदा करत नसे. पहिल्यांदा विचारलं की तो कपाकडे असा बघायचा, जणू त्यात कोणी राख कालवली आहे. "ज्याच्या कामावर उभा राह्यतो त्याचा च्या मी पेत नाई," म्हणायचा, आणि वर ऐकवायचा, "तुह्या कामात खोट नसती तं तू मले च्या इचारलाच नसता." खोट असो वा नसो, समोरच्याच्या कपाळाची शीर तिथंच ताठ व्हायची. असा माणूस. गावात त्याच्या शेजारी बसायला लोक कचरत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

आयुष्याची वीस वर्षं त्याने कंत्राटदारांच्या हाताखाली काढली होती, आणि त्या काळात तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. चुन्यात माती किती मारली तर रंग बदलत नाही, भिंतीच्या दोन्ही अंगांना घडीव दगड लावून मधल्या पोटात खापऱ्या कशा कोंबायच्या, मालक बघायला आला की गडी दुप्पट कसे दाखवायचे, हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. मग एका कंत्राटदाराशी त्याचं वाजलं आणि हा गडी उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. नवं राज्य नुकतं झालं होतं, गावोगावी बांधकामं निघत होती, आणि चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात. पाया खणण्यापासून गिलाव्यापर्यंत मालकाच्या वतीने कंत्राटदाराच्या मानगुटीवर बसायचं, वाईट काम पाडायला लावायचं आणि मालकाच्या वाटचा वाईटपणा आपण घ्यायचा, हा त्याचा धंदा झाला.

वास्तुशांतीला मात्र त्याला कोणी बोलावत नसे, कारण तो मालकालाही सोडत नसे. "कंत्राटदार चोर असते, हे मालकाले ठाऊक असते," तो म्हणायचा. "मालक येडा असते, हे त्याले कोणी सांगत नाई. ते मी सांगतो."

त्रेसष्टच्या दिवाळीनंतर जानेफळचे हिंमतराव त्याला शोधत सोनाळ्याला आले. खाऊनपिऊन सुखी शेतकरी, अंगाने भरलेले, पण बाजेवर असे टेकले होते जणू बाज दुसऱ्याची आणि मोडायच्या बेताला आलेली आहे. शेगावला देवळाच्या रस्त्यावर त्यांनी एक पडकं घर जागेसकट घेतलं होतं. तिथं दोन मजली लॉज बांधायचं होतं. दर्शनाला येणारी माणसं वाढत होती, उतरायला जागा नव्हती. विचार वाईट नव्हता.

"मंग बांधा," तुळशीराम म्हणाला. "माह्यापाशी काऊन आले?"

"नकाशा इंजिनेरनं काढला. बांधकाम खामगावचे माणिकराव करून राह्यले."

"मंग मी कायले पाह्यजे?"

हिंमतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "माणिकराव माहे इवाई होत."

वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मुलीच्या बापाने इवायापुढे मान वर करायची नसते. दोन वर्षांपूर्वी हिंमतरावांची आशाबाई माणिकरावांच्या उत्तमरावला दिली होती. लॉजची गोष्ट कानावर गेली तशी माणिकराव स्वतःच म्हणाले, घरातलं काम बाहेर कशाले देता. नाही म्हणायची सोय नव्हती. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. हिंमतरावांनी दोन्ही एकाच माणसाशी करून पाहिलं होतं. आता चुना कच्चा आहे म्हणावं तर मुलीला सासरी ऐकावं लागणार, आणि गप्प बसावं तर इमारत बसणार.

"म्हंजे तुमाले भांडता येत नाई, म्हणून भांडाले माणूस पाह्यजे," तुळशीराम म्हणाला.

"हाव. अर्धं वावर इकून लावलं मी त्याच्यात. इमारत पक्की पाह्यजे. अन् पोरगीबी तिथं नांदली पाह्यजे. दोन्ही पाह्यजे, मेस्तरी."

तुळशीरामाला हे काम आवडलं. आजवर नुसत्या चोरांशी गाठ होती; इथं चोराला मान द्यावा लागत होता, म्हणजे वाईट व्हायला पुष्कळ वाव होता. त्याने अट घातली. "मी असेतोवर बांधकामाबद्दल तुम्ही इवायाशी एक अक्षर बोलाचं नाई. ते काई बोलले तं हासून माह्याकडं बोट दाखवाचं. जे वाईट, ते माह्या नावावर. तुमच्यावर काई येऊ देत नाई मी."

माणिकराव बोलायला फार गोड. गोड बोलणाऱ्याचा चुना तुळशीराम दोनदा बोटावर घेऊन बघायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन गाड्या दगड परत धाडला. दुसऱ्या आठवड्यात चुना मळायच्या घाणीवर कालवलेला चुना रस्त्यात ओतायला लावला, तोही माणिकरावांच्या गवंड्यांसमोर, शिव्या देऊन. माणिकराव हिंमतरावांना म्हणाले, "इवाई, आमच्यावर भरोसा नाई काय?" हिंमतराव ठरल्याप्रमाणे हसले आणि तुळशीरामाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो मेस्तरी आयकत नाई हो." माणिकरावही हसले. त्या हसण्यात दात फार दिसत होते.

शेगावची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि वर उभ्या असलेल्या भिंतींनाही फाडते. खाली पिवळा मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा, त्याला दुसरा इलाज नाही. तुळशीरामाची आणखी एक रीत होती. पाया भरण्याआधी तो आळीतल्या म्हाताऱ्या बायांना गाठून विचारायचा, इथं पूर्वी काय होतं, गोठा कुठं, उकिरडा कुठं, पाणी कुठून भरत होत्या. जागा आज कशी आहे ते नकाशात असतं. ती काल काय होती ते म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतं. समोर केसरबाई राहत होती, सत्तरीच्या पुढची. पण ती लेकीकडे गेली होती. ती येईपर्यंत चुन्याची भट्टी बघून यावी म्हणून तुळशीराम दोन दिवस बाहेर गेला. पायाभरणीचा मुहूर्त शुक्रवारचा होता.

माणिकरावांनी तो बुधवारी उरकला. त्यांची बायको सत्यभामाबाई खामगावहून आली, हिंमतरावांची बायको मंजुळाबाई हिच्या हातून ईशान्येच्या कोपऱ्यात हळदकुंकू लावलेला दगड बसवला, नारळ फुटला, पेढे वाटले. गुरुवारी तुळशीराम परत आला तेव्हा त्या कोपऱ्यात दगडावर दगड चढले होते. आणि समोरच्या ओट्यावर केसरबाई बसली होती.

"पूजा तं चांगली झाली म्हन्ते," ती म्हणाली. "पण इहिरीवर काऊन केली बापा?"

शास्त्राप्रमाणे घराची विहीर ईशान्येला असते. शास्त्राप्रमाणे पायाचा पहिला दगडही ईशान्येला बसतो. जुन्या मालकाने शास्त्र पाळलं होतं, नव्याने पाळलं होतं, आणि दोघांच्या मधल्या काळात पटकीची साथ येऊन कोणीतरी ती विहीर कचऱ्याने बुजवून टाकली होती. तुळशीरामाने चरात उतरून पहार मारली. इतर तिन्ही कोपऱ्यांत ती मुरुमावर खणकन वाजली होती. इथं ती अर्धी आत गेली आणि गप्प राहिली.

"तुमाले ठाऊक होतं," तो माणिकरावांना म्हणाला.

"जुनी जागा हाय, कुठं ना कुठं पोकळ असतेच. वरून मोठी शिळा टाकू." माणिकराव अजूनही गोडच बोलत होते. "पण पूजेचा दगड आता हालत नाई, मेस्तरी. पूजेचा दगड उचलला तं वंश बुडते."

"अन् नाई उचलला तं कोपरा बुडते. वर माणसं झोपलेली असतीन."

एकही गवंडी त्या दगडाला हात लावेना. मग तुळशीरामाने वरचे दगड एकट्याने काढले आणि हळदकुंकवाचा तो दगड स्वतःच्या दोन्ही हातांनी उचलून लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवला. गवंडी मागे सरकले. सत्यभामाबाई मोठ्याने रडायला लागली. माणिकराव मात्र पहिल्यांदाच गोड बोलले नाहीत. त्यांनी आपले गवंडी उठवले, बायकोला घेतलं आणि ते खामगावला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी हिंमतरावांच्या शेगावातल्या भाड्याच्या खोलीपुढे टांगा थांबला. आशाबाई उतरली. सोबत तिची ट्रंक होती आणि निरोप होता: तो मेस्तरी त्या जागेवर असेतोवर सून आमच्या दारात नको.

निरोप कळून तुळशीराम तिथं आला, तसे हिंमतराव त्याच्या अंगावर धावून आले. मंजुळाबाई त्यांच्याही पुढे होती. "माह्या लेकीच्या संसारात माती कालवली या मेल्यानं," ती ओरडली. "देवाचा दगड उचलताना हात झडले नाई तुह्ये?" आळी गोळा झाली. आशाबाई ट्रंकेवर बसून होती. तिला कोणी पाणीही विचारलं नाही, सगळे तुळशीरामाला शिव्या देण्यात गुंतले होते.

तुळशीराम शिव्या संपेपर्यंत थांबला. त्याला सवय होती. मग म्हणाला, "झालं? आता आयका. मले काढा. पण आज नाई. आजपासून पंधरा दिवसांनी. तवर मी माह्ये सोनाळ्याचे गडी आणतो अन् तो कोपरा करून देतो. मंग इवायाले बलवा अन् त्यायच्यासमोर, चार लोकायसमोर, मले हाकला. पोटभर शिव्या द्या. त्यायचा मान राह्यते, पोरगी घरी जाते, इमारत बचते. मले काई नाई लागत."

हिंमतरावांचा राग उतरला नाही, पण हिशोब त्यांना पटला. आणि तुळशीरामाला, खरं सांगायचं तर, आपल्या डोक्याचा अभिमान वाटला. कंत्राटदार, मालक, इवाई, सून, सगळे आपापल्या जागी बसत होते आणि मार खायला तो एकटा उभा होता. याहून चोख काम त्याने कधी केलं नव्हतं.

पंधरा दिवस त्या कोपऱ्यात त्याने माणसांना कुत्र्यासारखं राबवलं. सोनाळ्याचे गडीही त्याला शिव्या देत होते, फक्त हळू आवाजात. विहिरीतून राख निघाली, फुटकी मडकी, सडलेली लाकडं, एक अख्खं जातं. खालची पक्की जमीन लागल्यावर त्याने गिट्टी आणि चुन्याचे थर टाकून धुमसाने ठोकून घेतले. ठोकलेल्या थरावर तो स्वतः टाचेने उड्या मारून बघायचा, आणि टाच थोडी जरी रुतली तरी तो थर उकरायला लावायचा. वर मुरुमापासून मुरुमापर्यंत दगडाची कमान फिरवली. शेवटच्या दिवशी पूजेचा दगड धुऊन, लिंबाखालून आणून, पुन्हा त्याच जागी बसवला. यावेळी त्याच्याखाली जमीन होती.

गड्यांच्या भाकरी रोज आशाबाई घेऊन यायची. पहिल्या दिवशी आली ती वाळलेली, डोळे खोल गेलेले. बाराव्या दिवशी ती केसरबाईच्या ओट्यावर बसून कशावर तरी खो-खो हसत होती. तुळशीरामाने ते पाहिलं आणि पुन्हा थराकडे वळला. हसणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

सोळाव्या दिवशी माणिकराव सत्यभामाबाईला घेऊन भाड्याच्या मोटारीने आले; त्यांचे गवंडी सकाळीच परत येऊन बसले होते. आळी जमली. हिंमतराव नव्या कोपऱ्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. ठरल्याप्रमाणे आधी देवाधर्माचं झालं, मग उद्धटपणाचं. तुळशीराम मान खाली घालून ऐकत होता, मनात मोजत होता की आता बस झालं, आता थांबावं. हिंमतराव थांबले नाहीत.

"सात वर्सं झाले, तुह्यी बायको तुह्या दारात पाय नाई ठेवत," ते ओरडले. "भावाच्या घरी भाकरी थापून राह्यली, पण तुह्या घरी येत नाई. ज्याले सोताचं घर नाई बांधता आलं, तो आमचं पाह्याले आला! चाल, नीघ."

हे ठरलेलं नव्हतं. खोटं बोलायचं ठरलं होतं, आणि हा माणूस खरं बोलत होता. तुळशीरामाला ते इतकं लागलं की त्याचे कान तापले. वीस वर्षं कंत्राटदारांनी दिलेल्या शिव्या एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. पण माणिकरावांचा चेहरा खुलला होता, म्हणजे काम झालं होतं. त्याने आपला ओळंबा आणि पिशवी उचलली आणि तो दगडांच्या ढिगाऱ्याआडून रस्त्याकडे निघाला.

ढिगाऱ्यामागे आशाबाई उभी होती. सासरी जायला तयार झालेली, डोक्यावर पदर.

"काकाजी, एक सांगाचं हाय तुमाले," ती म्हणाली. "तुम्ही दोन गाड्या दगड परत धाडले ना, त्या दिवशी तिकडं मले भाकर नाई भेटली. दुसऱ्या दिवशीबी नाई. चुना रस्त्यात ओतला तवा सासूनं मागच्या खोलीत कोंडलं. इथं तुम्ही नाई म्हनलं की तिकडं मले नाई भेटे. तवापासून मी तुमचा एकेक दगड मोजून राह्यली होती."

तुळशीरामाने पिशवी खाली ठेवली. वाईटपणा आपण अंगावर घेतो, मालकावर काही येऊ देत नाही, हीच त्याची एवढी मिजास. तो वाईटपणा आपल्या अंगावर थांबतच नव्हता. तो थेट खामगावला जाऊन या पोरीच्या ताटात पडत होता, आणि म्हाताऱ्या बायांना उकिरडा कुठं होता म्हणून विचारत फिरणाऱ्या या शहाण्याने हिला एक शब्द विचारला नव्हता. त्याला स्वतःची किळस आली.

"बापाले सांगतलं काय?" त्याने विचारलं.

"मायले सांगतलं. ती म्हन्ते, इमारत होऊ दे, मंग पाहू." आशाबाईने पदर सारखा केला. "इथं पंधरा दिवस मी रोज तुमच्या डोळ्यापुढं होती. जाशीन काय बाई, असं कोणी इचारलं?"

तुळशीराम वळला आणि तडक मोटारीकडे गेला. माणिकराव मोटारीचं दार उघडत होते, हिंमतराव त्यांच्या मागे हात जोडून उभे होते. तुळशीरामाने हिंमतरावांचा दंड धरून बाजूला ओढलं आणि त्यांच्या कानाशी सांगितलं, जेवढं ऐकलं तेवढं सगळं. हिंमतरावांचा चेहरा हलला. क्षणभर त्यात बाप दिसला. मग त्यांनी आधी माणिकरावांकडे पाहिलं, त्यांनी ऐकलं की काय म्हणून, आणि नंतर त्या कोपऱ्याकडे पाहिलं, ज्याच्यावर अजून दोन मजले चढायचे होते.

"मेस्तरी, तुमाले काढलं ना मी?" ते हळूच म्हणाले. "जा आता."

"पोरगी जाणार नाई!" तुळशीराम मोठ्याने म्हणाला. दुसऱ्यांसाठी नाही म्हणणं हाच धंदा असलेला माणूस तो, त्याचा आवाज आळीभर गेला. आशाबाई ढिगाऱ्याआडून पुढे आली आणि थांबली. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं.

माणिकराव दारावर हात ठेवून वळले. पुन्हा पहिल्यासारखंच गोड हसले. "इवाई, हा कोण बोलून राह्यला?"

सगळी आळी हिंमतरावांकडे पाहत होती. मंजुळाबाईने तोंडाला पदर लावला होता.

"कोणी नाई," हिंमतराव म्हणाले. "काढलेला माणूस हाय."

आशाबाईने नजर खाली घेतली. कोणी हाताला धरायच्या आत ती स्वतःच चालत गेली आणि मागच्या सीटवर सासूशेजारी बसली. ट्रंक वर बांधली गेली. तुळशीराम मोटारीपुढे दोन पावलं गेला, तेव्हा माणिकरावांच्याच गवंड्यांनी त्याला खांद्याला धरून रस्त्याच्या कडेला उभं केलं, आणि त्यांना त्यात मजा वाटत होती. गाडी खामगावच्या रस्त्याला लागली.

हिंमतरावांनी जोडलेले हात सोडले. मग गवंड्यांकडे वळून म्हणाले, "चाला, लागा कामाले." गवंडी कामाला लागले.